माळव्याच्या ताटातून काय काय गेले

मांडवगडावर जहाज महालाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक फळ विकायला ठेवलेले असते. आकाराने लहान नारळाएवढे, वरून मखमलीसारखी लव, आणि कवच फोडले की आत पांढरट, कोरडा, पिठूळ, आंबट गर. स्थानिक लोक त्याला मांडवची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. मराठीत ती गोरखचिंच. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. व्यापाऱ्यांबरोबर किंवा हबशी शिपायांबरोबर ते इथे आले असावे, असे मानतात. धार जिल्ह्यात आज ही झाडे इतकी रुळली आहेत की त्यांच्या फुगीर खोडांशिवाय मांडवचे चित्र डोळ्यांपुढे उभेच राहत नाही.

या गरात क जीवनसत्त्व भरपूर असते. वजनाला वजन लावून पाहिले तर संत्र्याच्या कितीतरी पट. या तुलनेत एक गोष्ट मात्र सांगायला हवी. संत्रे रसाळ असते आणि हा गर वाळलेला असतो, शिवाय छटाकभर गर कुणी एका बैठकीत खात नाही. तरीही मूठभर गर पाण्यात कोळून प्यायला तर दिवसाची बरीचशी गरज भागते, आणि त्यात कॅल्शियमही मिळते. शेळी आपल्या यकृतात क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाला ते जमत नाही, त्याला ते झाडाकडूनच घ्यावे लागते. ते मिळाले नाही तर शरीरातले सांधणारे तंतू, कोलॅजेन, नीट विणले जात नाहीत, हिरड्या सुजतात आणि जखमा लवकर भरत नाहीत. डाळी-भाज्यांतले लोह शोषून घ्यायलाही आतड्याला याच आंबटपणाची मदत होते. पोह्यावर लिंबू पिळण्याची इकडची सवय जिभेसाठी असेल, पण तिचा लाभ रक्तालाही होतो.

धार आणि देवास या माळव्यातल्या संस्थानांचा इतिहास आपण पवारांच्या गाद्यांचा, लढायांचा, वाड्यांचा आणि गाण्याचा म्हणून वाचतो. ताटाच्या बाजूने तो क्वचितच वाचला गेला. तसा वाचला तर दिसते की इथल्या माणसाच्या अंगात लोह, जस्त, कॅल्शियम, फोलिक आम्ल किती उतरणार हे प्रत्येक शतकात शेताने आणि पाण्याने ठरवले, आणि शेतात काय पिकायचे, पाणी कुठून यायचे हे बहुतेक वेळा दूर बसलेल्या कुणीतरी ठरवले. जीवनसत्त्वांची गोळी या गोष्टीत फार उशिरा येते.

मांडवला पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक पाककृतींचा ग्रंथ सिद्ध झाला. सुलतान घियास शाह याच्या दरबारात त्याची सुरुवात झाली आणि त्याचा मुलगा नासिर शाह याच्या काळात तो पुरा झाला. ‘नेमतनामा’ हे त्याचे नाव. त्याची सचित्र प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. समोसे, खिरी, सरबते, विडे यांच्या शेजारीच त्यात औषधांचे पाठ आहेत. स्वयंपाक आणि वैद्यक एकाच पुस्तकात, एकाच हाताखाली. अर्थात हे ताट राजाचे होते. गडाखाली मका आणि मिरची पोचायची होती, आणि रयतेने काय खाल्ले याची चित्रे कुणी काढली नाहीत.

पुढे मराठे आले. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगलांच्या सुभेदाराचा पराभव केला आणि माळव्याची दारे उघडली. पवारांची एक शाखा धारला स्थिरावली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. देशावरून आलेल्या घरांनी ज्वारीच्या भाकरीशेजारी माळव्याचा गहू मांडला. काळी जमीन, विहिरीला पाणी, तूर, उडीद, तीळ, जवस, दारी शेवगा, गोठ्यात दूध. ज्याच्या घरी हे सगळे होते त्याला सूक्ष्म पोषकद्रव्यांचे नावही माहीत असण्याची गरज नव्हती.

पण याच काळ्या जमिनीतल्या सर्वांत चांगल्या, विहिरीच्या पाण्याखालच्या तुकड्यांवर अफू चढली. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती. पावसाळ्यात मका आणि हिवाळ्यात अफू असे ते चक्र. शेतकऱ्याला सावकाराची उचल मिळे, संस्थानाला जकात मिळे, मुंबईत पेढ्या उभ्या राहात. घरात काय राही? अफूच्या कोवळ्या पानांची भाजी आणि खसखस. खसखशीत कॅल्शियम चांगले असते, हे खरे. पण ज्या ओलिताच्या तुकड्यात हरभरा, भाजीपाला, जनावराचा चारा होऊ शकला असता तो तुकडा दुसऱ्या देशाच्या व्यसनाला दिला गेला होता. ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या १९०७ च्या करारानंतर हा व्यापार आटत गेला आणि १९१३ मध्ये चीनला होणारी निर्यात थांबली.

त्याआधी छपन्न्या येऊन गेला होता. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. १९०१ च्या जनगणनेत धार संस्थानात सुमारे १ लाख ४२ हजार माणसे मोजली गेली. दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ही संख्या बरीच कमी होती. दुष्काळातले मृत्यू उपासमारीच्या नावावर लिहिले जातात. पण आधी दूध जाते, मग डाळ, मग पाला, आणि शेवटी धान्य. दूध आणि पाला गेल्यापासूनच शरीराची रोगाशी झुंजण्याची ताकद ओसरू लागते. मग पटकी आणि हिवताप येतात आणि काम पुरे करतात.

या ताकदीला नाव मिळाले ते १९१२ मध्ये. कासिमिर फुंक याने ‘व्हिटामिन’ हा शब्द घडवला. मराठीने त्याला जीवनसत्त्व म्हटले, आणि मला हा शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो, कारण ज्या थोड्याशा गोष्टीवाचून बाकीचे सगळे निःसत्त्व होते तिलाच आपण सत्त्व म्हणतो. थोडे म्हणजे किती? आपल्या देशाच्या शिफारशीनुसार बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, म्हणजे तांदळाच्या दोनेक दाण्यांच्या वजनाएवढे. बी-१२ तर दोन-अडीच मायक्रोग्रॅम.

निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन याने १९२० च्या दशकात उंदरांवर एक प्रयोग केला. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचे जेवण त्याने उंदरांच्या निरनिराळ्या गटांना घातले आणि त्यांची वाढ मोजली. शिखांचे जेवण पहिले आले, पठाणांचे दुसरे, मराठ्यांचे तिसरे. मद्राशी जेवण, पॉलिश केलेल्या तांदळाचे, शेवटी. पहिल्या जेवणात हातजात्यावर दळलेला गहू होता, दूध, दही, तूप, डाळ, पालेभाजी होती. मराठी वाचकाने या तिसऱ्या क्रमांकावर खूश होण्याआधी विचारावे की मॅककॅरिसनने मराठ्यांचे म्हणून जे जेवण घेतले ते किती मराठी घरांत रोज शिजत होते.

त्याचे उत्तर मुंबईत मिळाले. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांना एक विचित्र पंडुरोग होत होता आणि तो लोहाने बरा होत नव्हता. तिने त्यांच्या घरातले जेवण पाहिले. त्यात हिरवा पाला, फळे, दूध जवळजवळ नव्हतेच. यीस्टचा अर्क, बाजारात मिळणारा स्वस्त मार्माइट, दिल्यावर त्या बाया उभ्या राहिल्या. त्यात नेमके काय होते ते १९४१ मध्ये कळले, पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले तेव्हा. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून फोलिक आम्ल. आज देशभरात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोह आणि फोलिक आम्लाची जी गोळी मिळते तिच्या अर्ध्या भागाचा जन्म असा मुंबईच्या कामगार वस्तीतला आहे. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवे होते.

देवासकडे वळले की मराठी माणसाला गायक कुमार गंधर्व आठवतात. १९४८ मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमार कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि काही वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांना उठवले ते औषधाने आणि घरातल्या शुश्रूषेने. त्याआधीपर्यंत क्षयाला हवा, विश्रांती, दूध, अंडी एवढाच उपाय असे. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आल्यावर खाण्यापिण्याचे महत्त्व वैद्यकाच्या नजरेतून मागे पडले. ते फार उशिरा परतले. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांची पुडी देऊन पाहिली गेली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला की त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. औषध जंतूला मारते. जंतूला अंगात थारा मिळू नये हे काम मुळात जेवणाचे आहे.

आता या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती पाण्याची आहे.

धारच्या पश्चिमेचा आणि झाबुआचा डोंगराळ पट्टा भिल्ल आणि भिलालांचा. इथे पाणी बावडीचे, नाल्याचे, डबक्याचे. पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घडा भरायचा. त्याच पाण्यातून नारू व्हायचा. हातभर लांबीचा कृमी महिनोनमहिने पायात वाढायचा आणि फोड फोडून बाहेर यायचा. माणूस ऐन पेरणीत महिना-दोन महिने पडून. सरकारने १९८० च्या दशकात नारूविरुद्ध मोहीम काढली. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, कूपनलिका खोदल्या, हातपंप बसवले. ही मोहीम जिंकली गेली. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला, आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या खात्यातले हे फार मोठे यश आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असेच आहे.

पण खडकात खोल गेलेली नळी दुसरेच पाणी वर आणत होती. त्या खडकांतून पाण्यात फ्लोराइड उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा पर्यायच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, मग गुडघे वाकतात, पाठ ताठरते. धार आणि झाबुआत ही मुले दिसू लागली तेव्हा लोकांना वाटले देवाचा कोप आहे किंवा आईबापांचा दोष आहे. हातपंपाकडे बोट जायला बराच काळ लागला, कारण ज्याने नारू घालवला त्याच्यावर संशय घेणार कोण?

इथे खनिजांचा आणि जीवनसत्त्वांचा प्रश्न जगण्यामरण्याचा होतो. एकाच पंपाचे पाणी पिणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे पाय वाकतात, दुसऱ्याचे नाही, असे का होते? पोटात कॅल्शियम असेल तर ते फ्लोराइडला आतड्यातच धरते, न विरघळणारे मीठ तयार होते आणि ते बाहेर टाकले जाते. कॅल्शियम नसेल तर फ्लोराइड रक्तात आणि तिथून हाडात जाते. मॅग्नेशियमही थोडे हेच काम करते. फ्लोराइड पेशींत जी जाळपोळ माजवते, तिला क जीवनसत्त्वासारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये आवर घालतात, आणि तेच क जीवनसत्त्व हाडाचा तंतू विणते. म्हणजे ज्या घरात दूध, पाला, आवळा, चिंच आहे तिथे विष हळू चढते. ज्या घरात मक्याची रोटी आणि मिरची एवढेच आहे तिथे वेगाने.

युनिसेफ आणि नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था ‘नीरी’ यांनी धार-झाबुआत जे काम केले ते याच समजुतीवर उभे होते. पाणी बदला, आणि पाणी बदलेपर्यंत आणि बदलल्यानंतरही ताट बदला. पुढे झाबुआत इनरेम फाउंडेशनने मुलांच्या जेवणात एक पाला आणला. तिकडे त्याला चकोडा किंवा पुवाड म्हणतात. कोकणातल्या वाचकाला तो टाकळा म्हणून ठाऊक आहे. पहिल्या पावसाबरोबर उकिरड्यावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला फुकट उगवणारा. त्यात कॅल्शियम भरपूर. वाळवून पूड केली की ती वर्षभर पिठात मिसळता येते. वाकलेले पाय सगळे सरळ होत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण लहान वयात चांगले पाणी आणि असे जेवण मिळालेल्या मुलांची चाल सुधारलेली पाहिली गेली आहे. नारूने शिकवले की पाणी म्हणजे रोग होऊ शकतो. फ्लोराइडने शिकवले की पाण्याचा रोग ताटात अडवता येतो. दोन्ही धडे एकाच पट्ट्याने आपल्या अंगावर घेऊन देशाला दिले.

पूर्वेला, देवास-इंदूरच्या सपाट काळ्या जमिनीत, कथा वेगळी घडत होती. १९७० च्या दशकापासून सोयाबीन आले. पावसाळ्यात जी शेते पडीक राहत किंवा ज्यांत ज्वारी, मका, तूर, मूग, तीळ असे, ती सगळी पिवळ्या शेंगांची झाली. पैसा आला, पक्की घरे आली, मुली शिकल्या. ते नाकारण्याचे कारण नाही. पण सोयाबीन घरात शिजले नाही. ते कारखान्यात गेले, तेल शहरात गेले आणि प्रथिनांनी, लोहाने भरलेली पेंड कोंबड्यांसाठी आणि परदेशासाठी गेली. अफूने ओलिताचा तुकडा घेतला होता, सोयाबीनने पावसाळा घेतला. खरिपात घरची डाळ, घरचे तीळ, ज्वारी हे जे होते ते दुकानातून आणायचे झाले, आणि दुकानातून आणताना गरीब घर आधी डाळच कमी करते.

खाली पाणीही उपसले गेले. १९९० मध्ये देवास शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा एक तुकडा देऊन हजारो तळी खोदली. तळ्यामुळे हिवाळ्यात गहू-हरभरा आला, चारा आला, चाऱ्यामुळे दूध आले. आहारशास्त्राच्या कोणत्याही अहवालात या तळ्यांची नोंद पोषण योजना म्हणून नाही. ती व्हायला हवी.

गव्हाचेही सांगितले पाहिजे. माळव्याचा कठिया गहू, आपल्याकडचा बन्सी, बाफले-बाटीचा राजा. बाफला असा करतात. कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडतात, मग गोवरीवर भाजतात आणि तुपात बुडवतात. इंदूरच्या गहू संशोधन केंद्रात या कठियावर दशकानुदशके काम झाले. तिथूनच आलेल्या ‘पूसा तेजस’ या वाणाच्या एका किलोत सुमारे ४२ मिलिग्रॅम लोह आणि जवळपास तितकेच जस्त आहे. पण जस्त आधी मातीत असावे लागते, आणि मध्य प्रदेशच्या जमिनींत त्याची तूट मोठी आहे. शिवाय गव्हाच्या कोंड्यातले फायटिक आम्ल लोह-जस्ताला जखडून ठेवते. म्हणून बरोबर आंबट हवे, पाला हवा, डाळ हवी. एकटे कोणतेच धान्य हे काम करत नाही.

बाजार मात्र एकट्या वस्तू विकतो. औषधाच्या दुकानात अँटिऑक्सिडंट असे छापलेल्या डब्या मध्यमवर्गाने भरून नेल्या. फिनलंडमध्ये १९८५ ते १९९३ या काळात २९,००० वर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. गाजर आणि हिरव्या पाल्यात असणारे बीटा कॅरोटिन गोळीतून दिले, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. जे द्रव्य पानात इतर शेकडो द्रव्यांच्या संगतीत हित करते ते मोठ्या मात्रेत एकटे दिले तर घातही करू शकते. इंदूर-देवासच्या निरोगी, सुखवस्तू घरांनी या डब्यांवरचा पैसा आपल्या भाजीवाल्याला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण हे मत गरोदर बाईच्या लोहाच्या गोळीला लावू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या ५४.७ टक्के बाया आणि पाच वर्षांखालची ७२.७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. पाच वर्षांपूर्वीपेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. भिल्ल पट्ट्यात त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची भर आहे. सिकलसेलच्या रुग्णाला फोलिक आम्ल सतत लागते, पण लोह तपासणीशिवाय देऊ नये. म्हणून ‘सगळ्यांना एकच गोळी’ हे धोरण इथे पुरत नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी महिलांच्या आरोग्याची देशव्यापी मोहीम आणि पोषण महिना यांची सुरुवात धार जिल्ह्यातूनच केली. जागा योग्य निवडली होती. त्याच जिल्ह्यात कापडाच्या मोठ्या उद्योगवसाहतीची पायाभरणीही त्याच दिवशी झाली. लूसी विल्सने मुंबईच्या गिरणी कामगार बायांत जे पाहिले ते या नव्या गिरण्यांच्या भोवतालच्या चाळींत पुन्हा पाहायला लागू नये, एवढी दक्षता आतापासून घ्यावी. वसाहतीत भाजीबाजार कुठे असेल, पाळणाघरात काय शिजेल, हे रस्ते आणि विजेबरोबरच नकाशात मांडावे.

अंड्याविषयीही बोललेच पाहिजे. वनस्पतीत बी-१२ नसते; ते दूध, अंडी, मांस यांतूनच येते. अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये राज्य सरकारने नाकारला. ज्या भिल्ल घरांत कोंबडी पूर्वापार पाळतात आणि खातात, ज्यांच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या मुलांना अंडे नाकारण्याला आहाराचा काहीच आधार नाही. ज्यांना नको त्यांना दूध द्यावे. ज्यांना हवे त्यांना अंडे द्यावे.

धारहून मांडवला जाताना नालछा लागते. जूनच्या शेवटी, पहिल्या दोन पावसांनंतर, त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाकळा वितीवितीने वर येतो. फुले येण्याआधीचे दोन-तीन आठवडे त्याची पाने कोवळी असतात. तेवढ्या दिवसांत प्रत्येक आश्रमशाळेने पाला खुडून सावलीत वाळवला आणि पिठाच्या कोठीशेजारी एक डबा भरून ठेवला, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुलांच्या रोटीत तो मिसळता येईल. हिवाळ्यात गडावरून खुरासानी इमली उतरते. तिचे सरबत त्याच शाळेत शनिवारी करता येईल. दोन्हींना निविदा लागत नाही.